ढोल : एक उपेक्षित वाद्य

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या तयारीसाठी गेल्या महिन्यात सभा भरली होती. त्या सभेत मिरवणुकीच्या वाद्यांचा विषय निघाला. डी.जे. आणावा की आपण बायकांनीच ढोल-झांजा घेऊन निघावे, यावर बराच ऊहापोह झाला. त्या बोलण्यात एक भगिनी सहज म्हणून गेल्या, "ढोल काय, कुणीही बडवील! नुसते धमधम करावयाचे, त्यात विद्या कसली?" सगळ्या हसल्या. मीही हसले. परंतु घरी येऊन भाकरीचे पीठ मळावयास बसले, तेव्हा ते हसणे माझे मलाच बोचू लागले. का बोचले, ते पुढे सांगेन.

अध्यक्षबाईंनी या स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितला होता. मी उन्हाळी वाळवणावर लिहावयाचे ठरविले होते. तो विचार बाजूस ठेवून मी ढोलाविषयी मिळेल ते वाचले, भाच्याकडून वाचून घेतले, जाणत्यांना विचारले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

जाड आवाजाचे वाद्य माणसाला फार प्राचीन काळापासून हवेसे वाटत आले आहे. ऋग्वेदात व अथर्ववेदात दुंदुभीची स्तुती आहे. शत्रूला दूर पळवून लाव, आमच्या वीरांना बळ दे, अशी तिची प्रार्थना केलेली आहे. त्याहून नवल वाटते ते भूमिदुंदुभीचे. महाव्रत नावाच्या यज्ञविधीत जमिनीत खड्डा खणीत, त्यावर बैलाचे कातडे ताणून बसवीत आणि ते वाजवीत. म्हणजे सारी धरणीच ढोलाचे खोड! एवढा मोठा ढोल त्यानंतर कुणी केला असेल असे मला वाटत नाही.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात चामड्याच्या वाद्यांच्या जन्माची एक गोड कथा आहे. स्वाती नावाचे मुनी पावसाळ्यात एका सरोवरावर पाणी आणावयास गेले. तेवढ्यात पावसाची सर आली. सरोवरात कमळाची पाने होती, काही मोठी, काही मध्यम, काही लहान. प्रत्येक पानावर थेंबांचा निराळा आवाज होत होता. मुनी ऐकत राहिले, आणि आश्रमात परतल्यावर त्यांनी विश्वकर्म्याच्या साहाय्याने तशा आवाजांची वाद्ये घडविली. आपण पळसदरीच्या बायकांना ही कथा समजावून सांगावयास नको. धरणावर आषाढाची सर येते, तेव्हा पाण्यावरचा, पळसाच्या पानावरचा आणि पत्र्यावरचा पाऊस डोळे मिटूनही आपल्याला ओळखू येतो. मोठ्या पानाचा आवाज जाड, लहान पानाचा बारीक, एवढे त्यातले मर्म. ढोलाचे शास्त्र तेथूनच सुरू होते.

आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवर या शास्त्राचा मोठा ग्रंथ झाला. देवगिरीच्या यादवांच्या दरबारी तेराव्या शतकात शार्ङ्गदेव नावाचे पंडित होते. त्यांच्या 'संगीतरत्नाकरा'त वाद्यांवर स्वतंत्र अध्याय आहे. तारांची, फुंकून वाजवावयाची, कातड्याने मढविलेली आणि टाळ-झांजांसारखी घन, असे वाद्यांचे चार वर्ग त्यात सांगितलेले आहेत. मढविलेल्या वाद्यांचे वर्णन त्यांनी बारकाईने केले आहे. ज्यात विद्या नाही, त्यावर एवढा मोठा पंडित कशाला लिहील?

पुढे नगाऱ्याचा काळ आला. नगारा हा शब्द अरबी 'नक्कारा'वरून आलेला. आपल्याच रायगड जिल्ह्यात, रायगडावर, सिंहासनाच्या जागेसमोर नगारखान्याची उंच कमान आजही उभी आहे. १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला ती ही जागा. विजयाची वार्ता असो, कूच करावयाची आज्ञा असो, की दरवाजे मिटण्याची वेळ असो, ती लोकांच्या कानी जाई ती नगाऱ्याच्या आवाजाने.

आता कुणी विचारील, की दूरवर ऐकू जावे म्हणून जाड आवाजाचेच वाद्य का? याला कारण आहे. कातडे मोठे, जड आणि जरा सैल असले की ते सावकाश हलते, आणि त्याचा आवाज खाली उतरतो. असा जाड आवाज हवेत लवकर विरत नाही आणि झाडाझुडपांना, भिंतींना वळसा घालून पुढे जातो. बारीक आवाज वाटेतच अडतो. आपला अनुभवही हाच आहे. पलीकडच्या वाडीत लग्न असले, की सनई किंवा ताशा ऐकू येण्याच्या कितीतरी आधी ढोल ऐकू येतो. पोरे तेवढ्यावरूनच नवे कपडे घालू लागतात!

कातडे जड केले की आवाज उतरतो, याचा पुरावा तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. हरिनाम सप्ताह असला की पखवाजासाठी कणीक मागावयास कुणीतरी आपल्या दारी येते. मी लग्न होऊन आले त्या वर्षी एक बुवा कणीक मागावयास आले, तेव्हा मला वाटले नैवेद्याला हवी असेल, म्हणून मी तेलमीठ घालून मऊसूत मळून दिली. त्यांनी हसून परत केली. पखवाजाच्या डाव्या तोंडावर नुसत्या पाण्यात भिजविलेल्या कणकेची पुरी थापतात. तिच्या वजनाने कातडे सावकाश हलते आणि घुमारेदार आवाज निघतो. पुरी लहान झाली तर आवाज पोकळ येतो, मोठी झाली तर बसका येतो. भजन संपले की ती काढून टाकावयाची आणि दुसऱ्या वेळी नवी लावावयाची. ढोलकीच्या डाव्या तोंडाला आतल्या बाजूने मसाल्याचा लेप देतात, तबल्याच्या डग्ग्यावर शाई असते. युक्ती सर्वत्र एकच. थोर शास्त्रज्ञ चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपल्या या वाद्यांचा अभ्यास करून १९२० साली व पुन्हा १९३४ साली त्यावर निबंध लिहिले. कातड्यावर असे योग्य वजन दिल्याने त्याच्या आवाजाला सुरेलपणा कसा येतो, हे त्यांनी दाखवून दिले. ज्या कणकेला आपण रोज हात लावतो, तिच्यात एवढे शास्त्र आहे!

आता संगीतात या जाड आवाजाचे काम काय, ते पाहू. माझ्या भाच्याने मला तीनतालाचा ठेका म्हणून दाखविला. 'धा' वाजविताना दोन्ही हात चालतात, म्हणजे डग्गाही बोलतो. 'ता' वाजविताना एकटा उजवा हात चालतो, डग्गा गप्प राहतो. 'धिं' आणि 'तिं' यांतही हाच भेद. ठेका अर्ध्यापुढे गेला, की 'धिं'च्या जागी 'तिं' येते, जाड आवाज नाहीसा होतो, आणि काही मात्रांनी तो परत येतो. त्या जागेला 'खाली' म्हणतात. गाणारा मनात मात्रा मोजीत बसत नाही. डग्गा थांबला की खाली आली आणि आता सम जवळ आहे, हे त्याला आपोआप कळते. म्हणजे जाड आवाज असताना त्याच्याकडे कुणाचे लक्ष नसते. तो नसला, की सगळ्यांना कळते! घर चालविणाऱ्या बाईने हे निराळे समजून घ्यावयास नको.

याचा प्रत्यय मला लहानपणीच आला होता, आणि येथेच मला माझी गोष्ट सांगावयाची आहे. परंतु त्याआधी बँडमधला मोठा ढोल, ज्याला बासड्रम म्हणतात, तो आपल्याकडे कसा आला ते सांगितले पाहिजे.

तुर्की सुलतानाच्या फौजेबरोबर वाद्यांचा ताफा चालत असे. त्यात 'दावूल' नावाचा मोठा ढोल गळ्यात अडकवून वाजवीत. एका बाजूवर जाड काठी, दुसऱ्या बाजूवर बारीक छडी. आपल्याकडच्या ढोलाला एका बाजूस टिपरू आणि दुसऱ्या बाजूस हाताची थाप असते, त्याचाच हा भाऊबंद म्हणावयाचा. अठराव्या शतकात युरोपातल्या राजांना या तुर्की वाद्यांचे वेड लागले आणि त्यांनी आपल्या पलटणींत ती घेतली. पलटणीतून तो ढोल रंगमंदिरात शिरला. मोझार्टने १७८२ साली व्हिएन्ना शहरात सादर केलेल्या संगीत नाटकात तो वाजला. हायडनने १७९४ साली लंडनमध्ये, बेथोव्हेनने आपल्या नवव्या सिंफनीत १८२४ साली तो वापरला. इंग्रजी पलटणींबरोबर तोच ढोल हिंदुस्थानात आला. तंजावरचे मराठी राजे सरफोजी यांना तर पाश्चात्त्य संगीताची इतकी आवड, की त्यांनी आपल्या पदरी तशा वाद्यांचा बँड ठेवला होता. पुढे संस्थानिकांचे बँड झाले, आणि मग शहरांतून लग्नाच्या वरातीसाठी बँड निघाले. आपल्या कोकणात सनई, ताशा आणि ढोल यांचा खालू बाजा होताच. त्याच्या शेजारी हा लाल डगल्यांचा बँड येऊन उभा राहिला.

अशा एका बँडमध्ये माझे थोरले मामा मोठा ढोल वाजवीत असत.

माझे माहेर खालापूर तालुक्यातले. मामा खोपोलीस एका कारखान्यात कामाला होते. परंतु लग्नसराई आली की पाळी बदलून घेत आणि संध्याकाळी बँडचा डगला चढवीत. ढोल छातीवर पट्ट्याने बांधलेला असे. त्याच्यापुढे त्यांना पायाखालचा रस्ता दिसत नसे. काठीच्या टोकाला कापूस व कातडे गुंडाळून केलेला गोळा असे. वरात तीन-तीन तास चाले. घरी आल्यावर आजी त्यांच्या खांद्याला तेल चोळीत असे. पट्ट्याचा वळ दोन्ही खांद्यांवर कायमचा उमटलेला होता. क्लॅरोनेट वाजविणाऱ्याला सर्वांहून जास्त पैसे मिळत, ट्रंपेटवाल्याला त्याखालोखाल. मामांना सर्वांत कमी. कारण तेच, जे आपल्या सभेत ऐकले. नुसते धमधम!

एकदा ऐन लग्नसराईत मामांना ताप भरला. बँडमास्तरांनी त्यांच्यावाचूनच वरात काढली. मी नऊ-दहा वर्षांची असेन, आईबरोबर त्या लग्नाला गेले होते. क्लॅरोनेट नेहमीसारखे गोड वाजत होते, लहान ड्रम कडकडत होता, परंतु नाचणाऱ्यांचे पाय काही केल्या पडेनात. पुढचे लोक भराभर चालू लागले, मागचे रेंगाळले. ट्रंपेट पुढे धावले, झांजा मागे राहिल्या. नवरदेवाचे घोडे मध्येच उभे राहिले. शेवटी नवऱ्याचे काका ओरडले, "अहो, आज तुमचा ढोल कुठे आहे?" त्या संध्याकाळपूर्वी त्यांनी मामांकडे मान वर करून पाहिले होते की नाही, कोण जाणे.

घरी आल्यावर मी मामांना हे सांगितले. तापाने लाल झालेल्या डोळ्यांनी ते हसले. म्हणाले, "पोरी, सूर कानाने ऐकतात, पण चालतात ते ढोलावर. ठोका द्यावयाला ताकद लागते, पण ठोका न देता थांबावयाला अक्कल लागते." एवढी मोठी गोष्ट त्यांना कुणा ग्रंथात वाचावयास मिळाली नव्हती.

भगिनींनो, या वाद्याची उपेक्षा झाली, तिचे कारण केवळ त्याचा आवाज नव्हे. ढोलाला कातडे लागते, आणि कातड्याला हात लावणाऱ्यांना आपल्या समाजाने दूर ठेवले. देवळातला नगारा कातड्याचाच, पखवाजही कातड्याचाच. ते पवित्र. परंतु कातडे कमावणारा आणि हलगी-ढोल वाजविणारा मात्र पायरीखाली. लग्न त्याच्या वाजविण्यावाचून लागत नसे, आणि त्याची पंगत मात्र सर्वांत शेवटी, मांडवाबाहेर बसे. ही रीत माझ्या लहानपणी मी डोळ्यांनी पाहिली आहे. बँडमध्ये निरनिराळ्या जातींचे लोक असत, तरी पंगतीच्या वेळी सगळ्यांना तोच न्याय लागे. मामांनी कित्येकदा उष्ट्या पत्रावळींच्या ढिगाशेजारी बसून बुंदी खाल्लेली आहे.

माझे लग्न ठरले, तेव्हा मामांनीच आईला सांगितले, "कारखान्याचे सांगा, बँडचे बोलू नका." आम्ही तसेच केले. आपल्या रीतीप्रमाणे त्यांनी मला हाताला धरून बोहल्यावर आणले. डोक्यावर फेटा होता, अंगात पांढरा सदरा होता. बाहेर दुसऱ्या गावचा बँड वाजत होता. मंगलाष्टके संपली आणि बँडने ठोका धरला, तेव्हा मामांची बोटे मांडीवर चालू लागलेली मी अंतरपाटाआडून सुटल्यावर प्रथम पाहिली. त्या बँडचा ढोलवाला मांडवाच्या तोंडाशी आला. त्याने मामांना ओळखले आणि हसून हात जोडले. मामांनी मान खाली घातली.

ते दृश्य आजवर मी विसरलेले नाही. मामांनी माझ्यासाठी मान खाली घातली, आणि मी वीस-बावीस वर्षे त्यावर गप्प राहिले. सासरी मामांचा विषय निघाला की मी कारखान्याचे सांगत असे. आणि गेल्या महिन्यात सभेत तर सर्वांबरोबर हसलेही. म्हणून हा लेख.

काळ आता बदलला आहे. आपल्या घाटमाथ्यावरच्या मावळ-मुळशीच्या गावांची ढोल-लेझीम पथके पुण्याच्या गणपतीच्या मिरवणुकीत जात असत. पुढे ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग अशा शाळांची पथके उभी राहिली, आणि आता तर शेकडो शिकलेली मुले-मुली कमरेला ढोल बांधून रांगेने वाजवितात. कातड्याच्या जागी पुष्कळदा प्लॅस्टिकचे पान आले आहे, म्हणून पावसात ढोल उतरत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यातल्या पथकांत तीसांहून अधिक माणसे असू नयेत असा निर्बंध घातला, तो सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगित केला. एवढ्या मोठ्या न्यायालयापर्यंत ढोलाची दाद लागली! तरीही आवाजाची मर्यादा आपण पाळलीच पाहिजे. गावात तान्ही मुले आहेत, म्हातारी माणसे आहेत, परीक्षेची पोरे आहेत. मामांना आता दोन्ही कानांनी कमी ऐकू येते. शंभर ढोल एकदम बडविल्याने ताल वाढत नाही. तो एका ढोलाने नीट धरला तरी पुरतो.

बायकांनी ढोल वाजवू नये, असेही आपल्या सभेत कुणी म्हणाले होते. जात्यावर, उखळावर, मुसळावर साऱ्या जन्माचा ठोका ज्यांनी धरला, त्यांना हे कसे लागू पडेल? आपल्या आगरी भगिनींच्या लग्नात धवळारीण गाते, तिच्या गाण्यावाचून विधी पुरा होत नाही. मग बाई गाते ते चालते, आणि बाईने ताल धरला तर काय बिघडते?

हा लेख छापावयास देण्यापूर्वी मी तो सासूबाईंना वाचून दाखविला. मनात धाकधूक होती. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, "माझ्या लग्नातही ढोल वाजला होता. वाजविणारा कोण, कुठला, जेवून गेला की नाही, हे मी कधी विचारलेच नाही." आणि थोड्या वेळाने, "तुझ्या मामांना बोलाव एकदा. पण नीट मोठ्याने बोलावे लागेल ना?"

तेव्हा मंडळाच्या भगिनींपुढे मी दोन सूचना ठेवते. पहिली अशी, की या वर्षीच्या मिरवणुकीला डी.जे. आणू नये. एक ढोल, दोन ताशे आणि झांजा घेऊन आपणच निघावे. ठोका कसा धरावा, आणि कुठे थांबावे, हे शिकवावयास माझे मामा येण्यास कबूल झाले आहेत. ढोल छातीवर घेण्याची ताकद आता त्यांच्यात नाही, परंतु समोर हात ठेवून ते सांगतील. कानांनी ऐकू आले नाही, तरी ढोलाचा ठोका हाताला कळतो असे ते म्हणतात.

दुसरी सूचना अशी, की मंडळाच्या कोणत्याही कार्यात जे वाजवावयास येतील, त्यांची पंगत पहिली बसावी, आणि मांडवात बसावी. वाढावयास मी स्वतः उभी राहीन.